प्रतिसाद: मान अवघडली त्याचं काय?

हेडफोनला लाखभर मोजल्याशिवाय खरा आवाज मिळत नाही, असं वरच्या चर्चेत कुणी म्हटलंय. मला नाही पटत. इथे बेळगावातच, शहापूरला मित्राकडे ऑडीझी एलसीडी-एक्स हा तसलाच महागडा हेडफोन ऐकला. कुमार गंधर्वांच्या (आमच्या सुळेभावीचेच ते!) मागचा तानपुरा, तार न् तार सुटी. पण वजन ६१२ ग्रॅम! द्रुत लयीतलं गाणं सुरू होईतो मान अवघडली, हेडफोन मांडीवर.

माझा जुना सेनहायझर एचडी ६०० जेमतेम २६० ग्रॅमचा. नवा होता तेव्हा कानशिलं आवळायचा, आता सैलावलाय. चष्म्याची काडीही रुतत नाही. मात्र विद्युत रोध ३०० ओहमचा, म्हणून मोबाईलवर मिणमिणतो, त्यामुळे अँपचे (आवाजाला जोर देणाऱ्या अँप्लिफायरचे) पैसे धराच. आणि दोन्ही हेडफोन उघड्या पाठीचे, म्हणजे बाहेरचा आवाज आत येणारच. बेळगावचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की तानपुरा गेलाच त्यात.