मदत हवी आहे: हार्ट फेल्युअर आणि किडनी, पाणी किती द्यायचं?

इंदूरकर मंडळी, बाबा 71 वर्षांचे, रामबागेत राहतो. हार्ट फेल्युअर, इकोत ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) 30 टक्के. मधुमेह नाही. पायांवर सूज आली म्हणून फ्युरोसेमाइड (लघवीवाटे जादा पाणी काढणारं औषध) वाढवलं. सूज उतरली, वजन 3 किलो घटलं, पण क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा, वाढला की किडनीवर ताण) 1.3 वरून 1.9 वर गेलं. हृदयवाले म्हणतात दीड लिटरच्या वर पाणी नको. किडनीवाले म्हणतात शरीर कोरडं पडतंय, थोडं वाढवा. आपसात बोलायला दोघांनाही सवड नाही.

सध्या सकाळी दीड लिटरची बाटली भरतो आणि चहा, ताक, पातळ वरण जेवढं पोटात जाईल तेवढं पाणी त्यातून ओतून टाकतो. रोज नाश्त्याआधी वजन. गुडघ्याची पेनकिलर बंद, पोह्यांवरची शेवही बंद (त्याचा रुसवा वेगळाच). कमी सोडियमचं मीठ आणलं होतं, पण त्यात पोटॅशियम असतं आणि बाबांचं आधीच 5.2, म्हणून तसंच पडून आहे.

गोळ्या मनाने बदलणार नाही. ज्यांच्या घरी हे दोन्ही आजार आहेत त्यांनी सांगा: 42 अंशांच्या उन्हाळ्यात तुमच्या डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा कशावरून ठरवली, वजनावरून, लघवीवरून की रक्ताच्या रिपोर्टवरून? आणि इंदुरात हे दोन्ही डॉक्टर एकत्र बसून पेशंट बघतात, अशी ओपीडी कुठे आहे का?