जिम फ्युरिकची 'लूप' स्विंग स्लाइसवर उपाय म्हणून उचलावी का?

हिरवळ_१८

गोल्फ उजव्या हाताने खेळतो, हँडिकॅप २२ (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा बरेच जास्त लागतात). ड्रायव्हरचा (सर्वात लांब मारणाऱ्या क्लबचा) बॉल डावीकडे सुरू होतो आणि मग जोरात उजवीकडे वळतो, म्हणजेच स्लाइस. आयर्नचे (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचे) डिव्हटही (क्लबने जमिनीत उकरलेले चरे) टार्गेटच्या डावीकडे रोख धरून पडतात. व्हिडिओत स्पष्ट दिसतं की बॅकस्विंगला क्लब लगेच आत, कमरेमागे जातो. खाली येताना उजवा खांदा पुढे ढकलला जातो आणि क्लब बाहेरून बॉलवर येतो.

अमेरिकन व्यावसायिक खेळाडू फ्युरिकचं बरोबर उलटं आहे. त्याचा क्लब बाहेरून जवळजवळ उभा वर जातो आणि उतरताना आत पडतो, हीच त्याची 'लूप'. याच स्विंगवर त्याने २००३ चं यूएस ओपन जिंकलं आणि २०१६ मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपच्या शेवटच्या फेरीत ५८ चा स्कोअर केला, म्हणजे स्विंग 'चुकीची' आहे असं कुणी म्हणणार नाही. माझा दोष त्याच्या लूपच्या नेमका विरुद्ध असेल तर ती लूप शिकण्यात काय वाईट आहे? पूर्ण उचलावी, थोडी उचलावी की नादच सोडावा?

लो_पॉइंट

पूर्ण उचलू नका. तिच्यातला एक भाग मात्र तुमच्या नेमका कामाचा आहे.

क्लब वर कुठून गेला याच्याशी बॉलला काही देणंघेणं नसतं. संपर्काच्या क्षणी क्लबची वाट कुठली, फेस (क्लबचा बॉलला लागणारा सपाट भाग) कुठे बघतोय, बॉल फेसवर कुठे लागला आणि क्लब किती खालच्या दिशेने आला, मुख्यतः एवढ्यावर बॉलची दिशा आणि वळण ठरतं. या बाबतीत फ्युरिक अगदी शिस्तीतला खेळाडू आहे. विचित्र दिसतं ते त्याआधीचं.

ते विचित्रपणही जोडीजोडीने येतं. तो बॉलच्या बराच जवळ उभा राहतो, हात खाली लोंबतात. शरीराजवळ जागा नसल्यामुळे हात वर आणि बाहेर जातात. तिथून परतायचं तर क्लब आडवा होऊन आत पडलाच पाहिजे. तो पडतो तेव्हा कंबर जोरात उघडलेली असते आणि उजवं कोपर उजव्या कमरेच्या पुढे येऊन चिकटलेलं असतं. कंबर फिरत राहते म्हणून हातांना फेस पलटवायची गरज पडत नाही. यातला एकही दुवा काढला तर बाकीचे निरुपयोगी होतात.

बहुतेक लोक नक्कल करतात ती फक्त 'पडण्याची'. कंबर थांबलेली आणि क्लब आत पडला की तो शरीरामागे अडकतो. मग वाट आतून बाहेर ७-८ अंशांची होते. हात वेळेवर पलटले तर हुक (बॉल जोरात डावीकडे वळतो), नाही पलटले तर सरळ उजवीकडे पुश. त्यातच वजन उजव्या पायावर राहिलेलं असल्याने स्विंगचा सर्वात खालचा बिंदू बॉलच्या मागे जातो आणि क्लब आधी जमिनीत घुसतो.

आणखी एक अडचण वेळेची. डाउनस्विंग साधारण पाव सेकंदात संपते. त्यात 'आता क्लब आत पाडतो' असा विचार करून काही करता येत नाही. म्हणून दुरुस्ती बॅकस्विंगमध्ये आणि सुरुवातीच्या क्रमात करायची, उतरताना नाही.

रेंजवर हे करून बघा:

९ नंबर आयर्न, बॉल बुटक्या टीवर (बॉल ठेवायच्या खुंटीवर). बॉलच्या मागे साधारण एक फूट आणि पलीकडच्या बाजूला, क्लबहेड जेमतेम जाईल एवढी जागा सोडून एक हेडकव्हर (क्लबच्या डोक्याचं मऊ आवरण) ठेवा. पहिला फूटभर क्लब सरळ मागे न्या, नाहीतर जातानाच हेडकव्हरला लागेल. त्यानंतर हात छातीसमोर ठेवून वर न्या. शाफ्ट (क्लबचा दांडा) जमिनीला समांतर झाला की थांबून बघा: क्लबहेड हातांच्या किंचित पलीकडे दिसलं पाहिजे. तुमचं सध्या ते हातांच्या मागे लपत असणार.

वर गेल्यावर आधी डाव्या टाचेवर वजन टाका, मग कंबर. डावा हात समांतर येईपर्यंत उतरून पुन्हा थांबा आणि ग्रिपचं टोक कुठे बघतंय ते तपासा. बॉलच्या रेषेवर किंवा किंचित पलीकडे असेल तर ठीक. बॉल आणि पाय यांच्या मध्ये बघत असेल तर शाफ्ट अजून उभा आहे. असं दोनदा वर-खाली करून तिसऱ्यांदा अर्ध्या वेगाने मारा. हेडकव्हर उडालं तर खांदा अजून पुढे येतोय.

ही फ्युरिकची लूप नव्हे, तिची फक्त दिशा आहे. तुमच्या अंगाला मात्र ती पूर्ण फ्युरिकसारखी वाटेल आणि तसंच वाटू द्या. व्हिडिओत बघाल तेव्हा जेमतेम सरळ दिसेल.

फेस_आधी

वरचं ड्रिल चांगलं आहे, पण क्रम मला पटत नाही. फेस न बघता वाटेला हात लावणं म्हणजे रोग सोडून लक्षणाच्या मागे लागणं.

बॉल सुरू होतो तो मुख्यतः फेस बघतो त्या दिशेने, आणि वळतो तो फेस आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे. आकडे उदाहरणादाखल घेतो. तुमची वाट ६ अंश डावीकडे आणि फेस २ अंश डावीकडे असेल तर बॉल डावीकडे निघतो आणि ४ अंशांच्या फरकामुळे उजवीकडे वळतो. तुम्ही सांगताय तेच. आता लूप शिकून वाट शून्यावर आणली पण मनगटाची सवय तीच राहिली, तर फेस वाटेपेक्षा ४ अंश उघडाच. बॉल उजवीकडे निघेल आणि आणखी उजवीकडे वळेल. आज रफमध्ये (लांब गवतात) जाणारा बॉल उद्या हद्दीबाहेर जाईल. मग घाबरून तुम्ही पुन्हा डावीकडे ओढाल. बाहेरून येणारी वाट बऱ्याचदा उघड्या फेसची प्रतिक्रियाच असते.

त्यामुळे आधी हे तपासा. बॉलसमोर उभं राहिल्यावर डाव्या हाताची किती बोटांची पेरं दिसतात? दोन ते अडीच हवीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली घडी उजव्या खांद्याकडे जायला हवी. ग्रिप तळव्यातून तिरकी जात असेल तर बोटांच्या मुळाशी आणा. बॉल डाव्या टाचेच्याही पुढे ठेवत असाल तर खांदे आपोआप उघडतात, तो मागे घ्या. फेसवर पावडर फवारून ठसाही बघा. ड्रायव्हरला हीलकडे (फेसच्या दांड्याकडच्या बाजूला) लागलेला बॉल तेवढ्यानेच जास्त स्लाइस होतो.

आणि फ्युरिकबद्दल एक गोष्ट सुटते. त्याला शिकवलं फक्त वडिलांनी, माइक यांनी, आणि त्यांनी ती लूप मोडली नाही. लहानपणापासून तीच हालचाल अंगात मुरली. त्याची ग्रिपसुद्धा वेगळी आहे: उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका दोन्ही डाव्या हातावर चढवलेल्या. ती ग्रिप, ते उभं राहणं आणि ती लूप हे सगळं एकत्र वाढलंय.

हिरवळ_१८

दोघांचेही आभार. तपासलं: डाव्या हाताचं एकच पेर दिसतं आणि ड्रायव्हरवर ठसे हीलकडे आहेत. ओघात आणखी एक विचारतो. स्विंग बदलायचीच आहे तर सिंगल-प्लेन का नको? आणि व्यावसायिक खेळाडू स्कॉटी शेफलरसारखा उजवा पाय सरकवल्याने कंबर उघडायला मदत होते का?

शाफ्ट_रेषा

सिंगल-प्लेनबद्दल सांगतो. मो नॉर्मन या कॅनेडियन खेळाडूची पद्धत अशी की उभं राहतानाच शाफ्ट आणि हात एका रेषेत. पाय रुंद, हात लांब आणि उंच, ग्रिप तळव्यात, ड्रायव्हरचं डोकं बॉलच्या बरंच मागे टेकवलेलं. सुरुवातीची रेषा आणि संपर्काची रेषा जवळजवळ एकच, त्यामुळे वाटेत दुरुस्त करायचं कमी. अपारंपरिक स्विंगपैकी संपूर्ण नक्कल करण्याजोगी कुठली असेल तर मी हीच म्हणेन, कारण ती विचारपूर्वक सुटसुटीत केलेली आहे. किंमत अंतरात मोजावी लागते. मनगटाचा वापर कमी होतो, म्हणून वेग घटतो.

पण तुमच्यासाठी एक मोठा धोका आहे. हात उंच केले की नेहमीच्या आयर्नची हील जमिनीवरून उचलली जाते आणि टो (फेसचं दुसरं टोक) खाली रुततो. लॉफ्ट (फेसचा मागे कललेला तिरकेपणा) असलेल्या क्लबचा टो खाली गेला की फेस उजवीकडे बघतो. स्लाइस असणाऱ्याने क्लबचा लाय (दांड्याचा जमिनीशी कोन) न बदलता हे सुरू केलं तर दोष वाढणार. अमेरिकन खेळाडू ब्रायसन डिशॅम्बोची स्विंग याच जातीची आहे, पण त्याचे आयर्न वर्षानुवर्षे खूप अपराइट (उभट) लायचे, जाड ग्रिपचे आणि सगळे साधारण ७ नंबरच्या लांबीचे राहिलेत. त्याची स्विंग घेऊन दुकानातले नेहमीचे क्लब वापरणं म्हणजे अर्धीच नक्कल. क्लब लाय बोर्डवर (लाय तपासायच्या फळीवर) मारून तपासल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

स्कॉटी शेफलरचा पाय हा परिणाम आहे. त्याचं वजन आधीच डावीकडे गेलेलं असतं आणि कंबर इतक्या वेगाने फिरते की उजव्या पायावर भार उरत नाही, मग तो मागे ओढला जातो. तुम्ही मुद्दाम सरकवलात तर उजवा खुबा बॉलकडे ढकलला जाईल, हातांची जागा संपेल आणि हीलचे ठसे आणखी वाढतील. त्याच्याकडून घ्यायचं असेल तर संपर्काच्या क्षणाचं चित्र थांबवून डावा पाय बघा.

लो_पॉइंट

एकच पेर दिसतंय म्हटल्यावर 'फेस_आधी' यांचा क्रम बरोबर. आधी ग्रिप.

पुढे काय होईल ते आत्ताच सांगून ठेवतो, कारण बहुतेक जण इथेच माघार घेतात. ग्रिप बदलली पण वाट अजून डावीकडेच आहे, म्हणजे बॉल सरळ डावीकडे जाईल, कधी डावीकडे वळेलसुद्धा. ते चांगलं लक्षण आहे, फेस बंद व्हायला लागला. जुनी ग्रिप परत आणू नका. हेडकव्हरचं ड्रिल तेव्हा सुरू करा.

हीलच्या ठशांसाठी बॉलपासून लांब उभं राहू नका. बाहेरून येणारा क्लब आपली मान (दांडा डोक्याला जोडतो तो भाग) पुढे ढकलत येतो, म्हणून ठसे तिकडे पडतात. वाट सुधारली की ते मध्याकडे सरकतात.

९ नंबरचे डिव्हट टार्गेटकडे रोख धरायला लागले की ७ नंबर घ्या, ड्रायव्हर सर्वात शेवटी. त्याला टी एवढी उंच ठेवा की अर्धा बॉल क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसेल. डिव्हट उजवीकडे रोखायला लागले किंवा पुश आणि हुक आलटून पालटून यायला लागले, तर लूपची भावना त्याच दिवशी बंद करून फक्त कंबर फिरवण्यावर लक्ष द्या.