शपथ आणि अंगठी
काही जण म्हणतात की अमेरिकेतली ख्रिश्चन मुलं लग्नापर्यंत शरीरसंबंधांपासून थांबायची शपथ घेतात आणि अंगठी घालतात म्हणजे ती पाळतातच. थांबावं ही शिकवण आहेच, कॅथलिकांचीही आहे, पण शपथेचं कार्ड आणलं सदर्न बाप्टिस्ट (अमेरिकेतला एक प्रोटेस्टंट पंथ) लोकांनी १९९३ मध्ये, पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर २ लाखांवर सह्यांची कार्डं मांडली होती. बेअरमन आणि ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये आकडे तपासले तर शपथवाल्यांच्या शरीरसंबंधांची सुरुवात सरासरी दीडेक वर्ष लांबली, म्हणजे अगदीच फुकट नाही गेली.

गंमत म्हणजे शाळेत बऱ्याच जणांनी शपथ घेतली की तिचा असर जातो (वेगळेपणाच उरत नाही ना!), आणि ज्यांनी मोडली ते पहिल्या वेळी गर्भनिरोधक कमी वापरतात, कारण तयारी केली म्हणजे आधीच ठरवलं होतं असं होतं ना.