खोलीत फक्त किटली, वजन ८४ किलो. प्रोटीन आणू कुठून?

चाकणला नोकरी, कॉट बेसिसवर राहतो. मेसच्या डब्यात चार पोळ्या, बटाटा आणि वरण म्हणून पिवळं पाणी. जिमवाला पावडर घे म्हणतो; किंमत ऐकूनच घाम फुटला, तेवढाच व्यायाम. रोज पन्नास रुपयांत काय जमेल? अंडी खातो, गुरुवार सोडून.

उत्तर : किटलीतच अंडी उकड. चार अंड्यांत साधारण २४ ग्रॅम प्रोटीन. नंतर किटली घास, नाहीतर चहा पिणारे पार्टनर मारतील.

उत्तर : गुरुवारी सोयाबीन वड्या. कोरड्या ५० ग्रॅममध्ये जवळपास २५ ग्रॅम प्रोटीन. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा घट्ट पिळायच्या, म्हणजे तो उग्र वास जातो. मग मेसच्याच रश्श्यात सोडायच्या. मी होस्टेलची तीन वर्षं यावर काढली.

उत्तर : शेंगदाण्यांच्या नादी लागू नकोस रे. प्रोटीन आहे, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. त्यापेक्षा फुटाणे बरे, तेही मोजून. आणि पोळ्या चारच्या दोन कर, ते फुकट आहे.

प्रश्नकर्ता : काल वड्या करून बघितल्या. शेजारच्या कॉटवरचा विचारतो, गुरुवारी मटण?