ईस्टर आणि मिरजेचा उन्हाळा

प्रश्न : मिरजेत ईस्टरपर्यंत ऊन चांगलेच तापते, मग चर्चच्या रविवारच्या शाळेत येशू ख्रिस्ताचे पुनरुत्थान, म्हणजे मरणातून पुन्हा उठणे, समजावताना बर्फ वितळून फुलणाऱ्या परदेशी वसंताचे दाखले द्यावेत का?

उत्तर : मुळीच नको, ताई. येशू उठला तेव्हा यरुशलेमेतही हंगाम जवाच्या कापणीचा होता. पहिली पेंढी देवाला वाहिली की उरलेले पीकही येणारच, या खात्रीनेच प्रेषित पौल उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो (बायबल, 1 करिंथ 15:20). शाळूची काढणी आणि खळ्यावरची कणसांची रास पाहिलेल्या आपल्या मुलांना हे लगेच उमगेल.

उत्तर : पाऊस दूर असताना कडुनिंबाला फुटणारी तांबूस पालवीही दाखवावी, मात्र पालवी दरवर्षी गळते, पुनरुत्थान कायमचे, हे सांगावेच.

उत्तर : ज्या मुलाच्या घरी नुकतेच कोणी गेले असेल, त्याच्यासमोर आनंदाची घाई नको, येशूची शिष्या मग्दालीया मरीयाही त्याच्या कबरेपाशी आधी रडलीच होती.