जावयाची गाढवावरून मिरवणूक : चालू ठेवावी की बंद करावी?

आडवाटेवरचा
धुळवड झाली की पेपरात एक फोटो हमखास येतो. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातलं विडा गाव, गाढवावर बसवलेला जावई, गळ्यात फाटक्या चपलांचा हार, तोंड रंगानं माखलेलं आणि मागे हलगीच्या तालावर नाचणारं गाव. गावच्या देशमुखांनी आपल्या जावयाची अशी थट्टा केली आणि पुढे गावानं ती उचलली, असं सांगतात. त्याला आता आठ-नऊ दशकं होत आली. मिरवणूक संपली की त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी मिळते.

फोटोखाली 'किती मागासलेपणा' असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. माझं मत उलट आहे. आपल्याकडे जावई म्हणजे दशमग्रह. अधिक महिना आला की त्याला तेहेतीस अनारसे, चांदीचं ताट किंवा निदान वाटी. दिवाळसणाला काय मागेल याचा सासऱ्याला महिनाभर घोर. ताटात मीठ कमी पडलं तर सासूचा जीव वरखाली. अशा माणसाला वर्षातून एक दिवस सगळ्या गावानं हसावं, यात मला तरी शहाणपण दिसतं. पुण्यामुंबईत धुळवड म्हणजे सोसायटीत डीजे आणि रेन डान्स, त्यात कोण कोणाला हसतं?

सरळसोट
असहमत. गाढव, चपलांचा हार, माखलेलं तोंड ही गंमतीची सामग्री कधीपासून झाली? ही शिक्षेची सामग्री आहे. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराच्या कायद्यात दुरुस्ती होऊन 2016 पासून ती लागू झाली. तिच्यात चपलांचा हार घालणं हा गुन्हा म्हणून वेगळा लिहावा लागला. तसं घडत होतं म्हणूनच लिहावा लागला ना? ज्यांच्या घरात कुणाच्या तरी गळ्यात तो हार खराखुरा पडला असेल, त्यांनी हा फोटो बघून हसायचं का? तुम्हाला हसू येतं कारण तुमच्या गळ्यात तो कधी पडणार नाही, याची तुम्हाला खात्री आहे.

आडवाटेवरचा
मुद्दा वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. तिथे तो हार आधीच दाबलेल्या माणसाच्या गळ्यात पडतो आणि तो घालणाऱ्याला तुरुंगाची हवाच मिळायला हवी. इथे तो सगळ्यात जास्त मान असलेल्याच्या गळ्यात पडतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मान जिथल्या तिथे असतो.

केजकर
आमच्याच तालुक्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. तुम्ही लोक लई गंभीर व्हायलेत. खरी मजा गाढवावर नाही, त्याच्या आधी असती. होळी जवळ आली की जावई गायब व्हायला लागतेत. कुणाला कंपनीतून सुट्टीच मिळत नाही, कुणाच्या आजीला बरं नाही. इकडं गावातली पोरं पाळतीवर. सापडला की रात्रभर त्याच्यावर पहारा, चहापाणी, खातिरदारी, पण वेशीबाहेर जाऊ देत नाहीत. सकाळी गाढव दारात. हसणाऱ्यांत त्याचे मेव्हणे सगळ्यात पुढं. अंगठी घेताना नाराज दिसलेला जावई मी तरी पाहिला नाही.

माजघरातून
केजकर, तुम्ही गमतीत लिहिलंत पण त्यातच सगळं आलं. माणूस लपतोय, पळतोय, रात्रभर पहारा द्यावा लागतोय. मग त्याची तयारी होती असं कशावरून म्हणायचं?

दुसरं, जे कुणी बोलत नाही ते. जावयाला खाली आणायला मुहूर्त लागतो, कारण बाकी वर्षभर तो वर असतो. सुनेला असा मुहूर्त लागत नाही. माहेरून काय आणलं, भाकरी कशी थापते, आवाज किती वर जातो, याची थट्टा रोज जेवताना होते आणि शेवटी अंगठी वगैरे काही नसते. जगाची उलथापालथ एक दिवस करायचीच असेल तर सासूला बसवा की गाढवावर आणि सुनांना हलगी वाजवू दे. तयार होईल गाव?

केजकर
सासूला?? ताई, आमचं गाढव पळून जाईल.

माजघरातून
बघा, याचंही उत्तर विनोदातच.

तळकोकणातला
आमच्याकडे शिमगा पाच दिवस तरी चालतो, कुठे पंधरा. पालखी नाचते, खेळे घरोघर फिरतात. काळ्या कपड्यांतला, उंच टोपीचा संकासूर पोरांच्या अंगावर धावून जातो. गोमू म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष, तो कुणाच्याही अंगणात लाजत-मुरडत नाचतो. होळीभोवती बोंबा तर विचारूच नका, एरवी मारुतीच्या देवळात चप्पल काढून हळू बोलणारे आजोबा त्या रात्री जे बोलतात ते इथे लिहिलं तर धागा उडेल. येडेपणाला माझी ना नाही.

पण फरक आहे. आमच्याकडे सोंग घेणारा ते स्वतःहून घेतो, कित्येक घरांत तो मान पिढीजात असतो. विड्यात सोंग दुसऱ्यावर चढवतात. माझं मत : प्रथा ठेवा, पहारा काढा. 'यंदा मी बसतो' म्हणणारा जावई दरवर्षी एक तरी निघेल, सोन्याची अंगठी आहे म्हटल्यावर.

आडवाटेवरचा
अहो, स्वतःहून बसला तर उरलं काय? पकडापकडी हाच तर अर्धा खेळ आहे. अर्ज मागवून, नंबर लावून केलेला वेडेपणा मला सरकारी महोत्सवासारखा वाटतो. स्टेज, पाहुण्यांचं स्वागत, आभारप्रदर्शन.

सरळसोट
आणि नको असेल त्यानं सासुरवाडीला येऊ नये, असं आता कुणी तरी म्हणेल म्हणून आधीच लिहून ठेवतो. याच गावात कायमचे राहणारे जावईही आहेत. त्यांनी होळीला कुठे जायचं?

केजकर
माहेरी! :)

मुक्याचा वकील
इतके प्रतिसाद आले, पण ज्याच्या पाठीवर हे सगळं चाललंय त्याचं काय? ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे केंद्राचे नियम आहेत. त्यात गाढवावर जास्तीत जास्त 50 किलो ओझं टाकता येतं. सासुरवाडीचं पुरण खाल्लेला जावई 50 किलोत बसतो का? वर हलगी, रंग आणि दोन हजार माणसांचा गोंधळ. जावयाला अंगठी मिळते, त्याला काय मिळतं?

सरळसोट
या मुद्द्यावर तरी एकमत व्हायला हरकत नाही.

तळकोकणातला
+1. छोट्या हत्तीवर बसवा, टेम्पोला वजनाची अडचण नाही.

केजकर
टेम्पोत बसवला तर जावई खूश होऊन हात हलवायला लागंल, लोकांना वाटंल सरपंच निवडून आलाय. गाढवाचं म्हणणं मात्र बरोबर आहे. पुढच्या वर्षी बारीक जावई बघायला सांगतो.