मारबतीचा पोशाख करून हॅलोविनला जाणे योग्य होते काय?

फोमवाली (चर्चेचा प्रस्ताव)

ऑक्टोबरअखेरीस नागपूरच्या धरमपेठेतील एका लहान सभागृहात हॅलोविनच्या निमित्ताने कॉस्प्ले, म्हणजे कथांतील पात्रांची सोंगे, करणाऱ्यांचे संमेलन भरले होते आणि तेथे मी काळ्या मारबतीचा, म्हणजे शहराची पीडा घेऊन जाण्यासाठी आमच्याकडे मिरवणुकीने निघणाऱ्या मूर्तीचा, पोशाख करून गेले होते. जेमतेम शंभरेक माणसे, चार-पाच विक्रीची टेबले, एक छोटा मंच आणि सारखा बंद पडणारा एसी एवढाच त्याचा पसारा होता. मोठ्या शहरांतील कॉमिक कॉनमध्ये माणसे फोटो काढतात आणि पुढे सरकतात. येथे मात्र बांबूच्या कामट्यांचा सांगाडा खांद्यावर कसा तोलला, ईव्हीए फोमच्या हलक्या, लवचीक पत्र्याला गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने गोलाई कशी दिली, हे विचारत मुले अर्धा-अर्धा तास उभी राहिली. कारागिरीचे असे कौतुक मला यापूर्वी कधी लाभले नव्हते.

दुपारी मात्र एक आजी आल्या. नातवाला त्यांनी माझ्या पायांशी आणले, त्याचे डोके टेकवले आणि माझ्याकडे पाहून हात जोडले. मी मुखवट्याच्या आत घामाने भिजलेली होते आणि मला काय करावे ते सुचेना, म्हणून मी तशीच उभी राहिले. माझ्या मते मी काही गैर केलेले नाही, कारण आपल्याकडचे पात्र असताना परदेशी चेटकिणीच करत राहण्यात मला रस नाही. परंतु त्या क्षणापासून मनात प्रश्न आहे, म्हणून मते मागते.

इतवारीकर

आपण गैर केले, असे माझे स्पष्ट मत आहे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. म्हणजे आमच्या चार-पाच पिढ्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभे राहून ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशी हाक दिलेली आहे. कोणी काळ्या मारबतीला इंग्रजांना सामील झालेल्या बाकाबाई भोसले समजतात, तर कोणी पूतना मावशी. परंतु कथा कोणतीही मानली तरी लोक तिला नवस बोलतात आणि लेकरांना तिच्या पायांवर घालतात. त्या आजींनीही तेच केले. ज्या मूर्तीपुढे माणूस हात जोडतो, तिला भोपळ्याच्या कंदिलांशेजारी बक्षिसासाठी उभे करणे मला सहन होत नाही. आपल्याला भूतच व्हायचे होते, तर मुंजा, हडळ, चकवा असे कितीतरी पर्याय होते, आणि त्यांच्या पाया कोणी पडत नाही.

बर्डीचा वाचक

इतवारीकरांचा आदर राखून सांगतो, की मारबतीबरोबर बडगे, म्हणजे टवाळीचे पुतळे, निघतात याचा त्यांना विसर पडलेला दिसतो. महागाई, भ्रष्टाचार, त्या-त्या वर्षी लोकांना छळणारा जो कोणी असेल त्याचा बडग्या होतो आणि तो दरवर्षी नवा असतो. ज्या मिरवणुकीत भक्ती आणि टवाळी एकाच रस्त्यावरून चालतात, तिच्यातील एक रूप सभागृहात आल्याने ती बाटते कशी? आपल्याकडे बहुरूपी दारोदार देवांची सोंगे घेऊन येत असे आणि बायका त्याच्या झोळीत पसाभर धान्य घालत, तेव्हा कोणी त्याला देवाची विटंबना म्हटले नाही. कॉस्प्ले हा शब्द जपानमध्ये १९८० च्या दशकात रूढ झाला. त्याच्याही आधी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातील पोशाख घालून गेले होते. सोंग घेण्याची हौस मात्र त्याहून फार जुनी आहे, आणि ती आपल्याला कोणाकडून उसनी घ्यावी लागलेली नाही.

हॅलोविनही मुळात १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र आहे. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करत, ते लोक अमेरिकेत गेले आणि तेथे भोपळा मुबलक मिळाल्याने भोपळा आला. हाताशी असेल ते घेण्याचीच ती रीत असेल, तर नागपूरकराने मारबत घेतली यात नवल नाही.

दोन मुलांची आई

मला या वादापेक्षा साध्या गोष्टीची चिंता वाटते. ऑक्टोबर हीटमध्ये फोमच्या आत तीन-तीन तास उभे राहणे धोक्याचे आहे. सोबत पाणी देणारे माणूस होते काय? आणि न विचारता पोशाखाला हात लावणाऱ्यांना आयोजकांनी अडवले काय? माझ्या मुलीला पुढच्या वर्षी जायचे आहे, म्हणून विचारते.

फोमवाली

पाण्यासाठी बहीण सोबत होती. हात लावणाऱ्यांना मलाच थांबवावे लागले, आयोजकांचा तसा फलक नव्हता; मुलीला एकटीला पाठवू नये.

बर्डीच्या वाचकांचा बहुरूप्याचा दाखला मला पटतो, परंतु तो माझी पूर्ण सुटका करत नाही. बहुरूप्याला आपण सोंग घेतले आहे हे ठाऊक असते आणि समोरच्यालाही ते ठाऊक असते. त्या आजींना ते ठाऊक होते की नाही, हे मी विचारू शकले नाही. इतवारीकरांना एवढेच सांगते, की मी स्पर्धेत नाव दिले नव्हते. हडळ करण्याचा त्यांचा सल्ला मात्र मला मान्य नाही, कारण या शहराचे म्हणून ओळखता येईल असे रूप मला करायचे होते, आणि हडळ तर कोठलीही असू शकते.

इतवारीकर

स्पर्धेत नाव नव्हते हे वाचून बरे वाटले. तेवढा माझा राग कमी झाला. परंतु एक गोष्ट राहिली. मारबत शहराची पीडा घेऊन बाहेर जाते आणि तिचे दहन होते. ती परत घरी येत नाही. आपली मारबत सध्या कोठे आहे?

फोमवाली

माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली आहे. कागद आणि कामट्या जाळता येतील. फोम जाळला तर घाण धूर होईल, म्हणून तो सोडवून वेगळा करावा लागेल. आईने हाच प्रश्न पहिल्या रात्री विचारला होता आणि तेव्हापासून ती माळ्यावर चढलेली नाही.